दुसऱ्या वाक्याला झोप

...आता अंगाई येत नाही हा काय माझा गुन्हा झाला? दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, रोज तेच करायचं, त्याच क्रमानं. आंघोळ, दूध, दिवा बारीक, मग गाणं. बाळ आपोआप पेंगायला लागतं. नेम म्हणजे नेम! बरं, आंघोळ झाली, दूध झालं, दिवा बारीक झाला, आणि गाणं... मला तर सातवीतल्या कवितासुद्धा दोन ओळींपुढं आठवत नाहीत. मग काय करते, इथं जमलेल्या तुम्हा बायकांना सांगते, दिवसभराचं गाऱ्हाणंच लावलं सुरात. नळाला पाणी नाही आलं रे बाळा... शेजारीण जिन्यात भेटली, मी हसले, तर ती किल्ली शोधत निघून गेली रे... दुसऱ्या वाक्याला पोर गाढ!

तेव्हापासून गाऱ्हाण्याशिवाय त्याचा डोळा लागत नाही. नेम म्हणजे नेम. गाऱ्हाणं शोधायला मला फार लांब जावं लागत नाही म्हणा. पण ऐकणारा घरात एकच, आणि तोही दुसऱ्या वाक्याला झोपतो. मग उरलेलं कुणाला सांगू, कपाटाला? ह्यांचा ट्रक, आठवडा आठवडा बाहेर. फोनवर म्हटलं, जरा बोलू का? बोल की, म्हणाले. मी सुरू केलं, हं... हं... आणि पुढं नुसतं घोरणं. दमलेला माणूस, त्याला काय बोलणार?

तेवढ्यात सासूबाई आल्या राहायला. "तुझी नर्सबाई राहू दे बाजूला, मी पाच पोरं झोपवलीत." गायल्या हो, आवाज गोड आहे त्यांचा. पण पोरगं असं किंचाळलं की वरच्या मजल्यावरून कुणीतरी काठी आपटली. शेवटी म्हणाल्या, घे बाई, तूच बघ. आणि बसल्या की तिथंच, पलंगाला टेकून! आता आली का पंचाईत? त्या दिवसाचं गाऱ्हाणं म्हणजे त्याच होत्या ना!

पण नेम म्हणजे नेम. दिवा बारीक केला. भिंतीकडं तोंड करून म्हटलं, आजी आली रे तुझी... आल्या आल्या म्हणाली, पोर वाळलंय. आई वाळलीय का, ते नाही विचारलं रे...

पोर झोपलं. तिथंच थांबायचं ना मी? पण जीभ थांबेना. वर्षभर कुणापुढं बोलले नव्हते ते बोलून गेले.

"आई, मला इथं फार एकटं वाटतं. इतक्यात जाऊ नका ना."

बोलून तर बसले. रागावतील? जवळ घेतील? कितीतरी वेळ वळायचा धीरच होईना. वळून बघते तर मान कलंडलेली, तोंड उघडं, स्वारी गाढ!

सकाळी चहा पिता पिता म्हणाल्या, "तुझ्या घरी झोप मात्र छान लागते गं." आणि दुपारच्या गाडीनं गेल्या.

असो. तुमच्यातल्याही दोघींच्या पापण्या जड झाल्यात, दिसतंय मला इथून. झोपा खुशाल, मला सवय आहे. फक्त... उठून जाऊ नका.