पूजेतला चोवीसचा पाना

हॅलो?… हॅलो, कमळू गॅरेज, मुरबाड… कोण? माधे, तू होय! मोठ्यानं बोल गो, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा आवाज येतोय तुझा.

हां, आत्ता येतंय… नाय गो, सकाळी हत्यारांची पूजा केली नि शहापूरला गेलेलो, आत्ता चपला काढतोय. तू कुठं हायस?… आयेकडं? सिद्धगडाखाली? नि कशानं गेलात?… जीपनं? भावोजी गॅरेजातनं जीप घेऊन गेले होय! बरं केलं. त्यांचीच गाडी, विचारायचं काय त्यात… हो, हो… आयेला घेऊन निघालात? म्हणजे दसऱ्याला आय हितं! वा. तिचा गुडघा कसा हाय?… अजून बांधलेलाच? मग मागं नीट पसरून बसवलीय ना तिला?

बोल, बोल… कसला आवाज? … शॉकअप खडखडतायत? … अगो नवीन हायत ते, परवाच बसवले. गाडी चार इंच वर उचललीय मी, रबर अजून कोरं हाय, कुरकुरणारच. नवी नवरी नि नवा शॉकअप, आठ दिवस दम धरायचा… तसं नाय? मग कसं?… काय म्हणतात भावोजी, गॅरेजवाल्या मेव्हण्यानं फसवलं? हॅ हॅ… सांग त्यांना, नदीतल्या दगडांना पोट घासतंय म्हणून उंच करून दे, हे तुमीच बोलले होते.

बरं ऐक. गाडी उभी हाय ना? … भावोजींना सांग, मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून जोरानं दाबायचं, नि सोडायचं. शॉकअप वाजत असेल तर तिथंच वाजेल. मी धरतो…

… काय झालं? … नाय वाजला? दोन्हीकडं? … मग शॉकअप नाय ते. बिचाऱ्यांवर उगाच आळ.

मग कधी वाजतं? … खड्ड्यात? … खड्ड्यात नाय. मग? … ब्रेक मारल्यावर? … एकच? ठक् करून एकच? … नि परत गाडी उचलली की आणखी एक ठक्?

…

नाय, हाय हाय. हितंच हाय मी… नाय गो, काय नाय झालं, विचार करतोय. कुठल्या बाजूनं, डाव्या ना? … डाव्या.

माधे… भावोजींना म्हणावं खाली वाका. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला बघा. स्प्रिंगच्या पाट्यांचा गठ्ठा हाय, त्याला मिठी मारलेले दोन वाकडे बोल्ट हायत, इंग्रजी यू सारखे. त्यांचे नट बोटानं फिरवून बघा… अगो, बोटानं! पाना नको. नुस्त्या बोटानं.

… फिरतोय?

… चारी?

अरे देवा.

माधे, ऐक. ऐक ना गो! गाडी कुठं उभी हाय? … कुठल्या उताराला? … जांभळीच्या? वरच्या तोंडाला हाय का मधी? … मधी. तोंड खाली करून? … नि आय गाडीत? … नि भावोजी काय करतायत? … नाय! नाय, नाय, स्टार्ट नाय करायची! हळूहळू पण नाय! माधे, किल्ली काढ! आधी किल्ली काढून घे त्यांच्याकडून, मग बोल माझ्याशी!

… काढलीस? हातात हाय ना? … बरं. आता सांगतो. मागचा आख्खा ॲक्सल त्या नटांवर हाय गो. चाकं, ब्रेक, सगळं. तो सरकतोय, म्हणून ठक् करतोय. शॉकअप नाय ते… ढिले कसे राहिले म्हणजे? … मी ठेवले. मीच.

काल संध्याकाळी कसत होतो. उजवी बाजू झाली नि तुझी वहिनी लहानी आली, म्हणाली हत्यारं द्या, धुऊन पूजेला मांडायचीत. खंडेनवमीला पान्याला हात लावायचा नाय, आपल्या आयेनंच शिकवलेलं ना. म्हटलं डावीकडचे हातानं फिरवून ठेवू, दसऱ्याला पूजा हलली की कसू. नि स्टेअरिंगला फडकं बांधलं, काम अर्धं हाय म्हणून… हो, भावोजींना माहिताय ते, फडकं असलेल्या गाडीला ते हात नाय लावणार. पण सकाळी मीच सोडलं गो ते! पूजेत तेलकट फडकं बरं दिसेना. सोडलं नि तिथं झेंडूचा हार घातला… हां, तोच हार. तुमच्यापुढं लोंबतोय तोच.

फडकं दिसलं असतं तर मला तरी आठवलं असतं. मी पेढे खात बसलो शहापूरला.

रडू नको. मला पण भीती वाटतेय, पण रडू नको… भावोजींना विचार, उतरताना ब्रेक कसा लागत होता? … मऊ? … पाय खालपर्यंत जात होता? … चाकाच्या आत ओलं हाय का बघा. दगडावर थेंब पडतायत का… पडतायत.

पाइप ताणला. ब्रेकचं तेल चाललंय सगळं. माधे, त्या गाडीला आता ब्रेक नाय, असं धर. गिअर कुठला हाय? … रिव्हर्समध्ये टाकून ठेवा. बंदच गाडी, नुस्ता गिअर. नि दगड. मोठे दगड, पुढच्या चाकांना लावा, पुढच्या! मागच्यांचा भरवसा नाय… डोक्याएवढे बघ… हो, भावोजी लावू दे, तू गाडीच्या खालच्या अंगाला उभी राहू नको!

लावले? … दोन्हीकडं? … आता आयेला काढा. मागच्या दारातून, भावोजींनी बगलेत हात घालायचा, तू पाय धरायचा. गाडीला धक्का नको. आयेला सांग, बडबड करू नको, नुस्ती सैल राहा… काय म्हणते? … लुगड्याचं गाठोडं? गाठोडं मरू दे! तिला सांग कमळूनं पाय धरलेत तुझे, गाठोडं सोड!

फोन तसाच बॉनेटवर… नाय, गाडीवर नको! खाली ठेव, दगडावर. बंद नको करू.

…

माधे?

… भावोजी, सावकाश हां…

लहाने, बोलू नको, ऐकू दे मला.

… ठक्! तो आवाज! माधे! मी ऐकला तो, हितं ऐकला! काय सरकलं? माधे! आये! अगो कुणीतरी फोन उचला! आये!

… कोण? … भावोजी? … निघाली? … निघाली ना? आय बाहेर हाय? … लागलं काय? … नि तो आवाज? … ॲक्सल सरकला? गाडी वाकडी झाली? होऊ दे. दगडावर थांबली ना? थांबू दे तिथंच. भावोजी, सगळे वरच्या अंगाला जा, लांब…

भावोजी… चूक माझी हाय. तुमची नाय. फडकं मी सोडलं… नाय, असू दे म्हणू नका. शिव्या घाला, पण असू दे म्हणू नका.

मी निघतो. शेजारच्या जैतूची मोटरसायकल घेतो, तास लागेल… लहाने, तो चोवीसचा पाना दे… तोच, पूजेतला… काय? मला पण कळतं आज काय हाय! आण हिकडं!

… हां, कोण? … आये? तू बोलतेस? दमलीयस, बोलू नको, बस खाली… हो… हो, आये… हो, लहानीच ओरडत होती. हो, मांडलेल्या पूजेतून घेतला पाना. रागावू नको, तुझ्यासाठी… काय?

… काय म्हणालीस? परत बोल.

… हो. तूच आण म्हणतेस, तर आणतो. नाय पुसत. हळदकुंकू हाय त्याच्यावर, तसाच घेऊन येतो.

हो आये. चारी नट. तुझ्या डोळ्यांदेखत कसतो. तू हात लावून बघ एकेकाला, मगच… हॅलो? आये? हॅलो?