द्वारकाकाकू समुद्रात उतरल्या

मंडळी, आज एकच विचारतो. देवानं एवढा थोरला समुद्र केला, तो कुणासाठी? फक्त पुरुषांसाठी? बघा, मागच्या बायका लगेच सरसावून बसल्या! बसा, बसा, तुमचीच कथा आहे!

ऐका! किनाऱ्यावरचं वेळशेत गाव. जुना काळ. तिथले खोत भार्गवराव. नारळीच्या वाडीत त्यांनी झोपड्या बांधल्या आणि मुंबईचे पाहुणे हवा खायला येऊ लागले. पुरुष काय, लंगोट लावला की धाडकन पाण्यात! आणि बायका? काठावर, पदर सावरत, शेंगा सोलत!

एके दिवशी मालती नावाच्या तरुण पाहुणीला राहवेना, शिरली पाण्यात. नऊवारी भिजली, पायांत गुरफटली, लाट आली—गेली की हो खाली! कोळणींनी धावत जाऊन तिला ओढून काढली. वाचली बिचारी! पण भार्गवराव गरजले, "यापुढं एकही बाई पाण्यात जायची नाही!"

त्यांची बायको द्वारकाकाकू. लग्न होऊन आल्यापासून गाज ऐकत भाकऱ्या थापल्या, पण घोट्याच्या वर कधी पाय भिजला नव्हता! त्या म्हणाल्या, "अहो, बुडवलं लुगड्यानं. शिक्षा बाईला का?"

खोतांनी पंचा झटकला आणि वाडीची वाट धरली!

झोपड्यांच्या गाद्या शिवून कापड उरलं होतं—निळे-पांढरे पट्टे! काकू बसल्या मशीनवर. आखूड बाह्या, गुडघ्यापर्यंत तुमान, कमरेला घट्ट नाडी. एक जोड मालतीला, एक स्वतःला.

भार्गवराव म्हणाले, "अगं, गादीचं कापड घालून चारचौघांत? लोक हसतील!"

"हसू देत! गादीवर लोळताना कुणी हसत नाही!"

सकाळी दोघी हातात हात घालून उतरल्या. आली लाट, बसली छातीवर—आणि काकू हसल्या! अशा खळखळून हसल्या, की काठावरचे भार्गवराव थिजले. एवढा संसार झाला, पण बायकोचं हे हसणं त्यांनी ऐकलंच नव्हतं हो! डोळे भरून आले.

"अहो, या ना!"

गेले! धोतरासकट गेले! पुढची लाट आली आणि धोतर निघालं थेट आफ्रिकेला! खोत गळाभर पाण्यात, बाहेर कसे येणार?

"द्वारके, काहीतरी दे गं!"

पुढच्या हंगामात पाहुणे उतरले, तर स्वागताला खोत आणि खोतीणबाई, दोघंही पट्ट्यापट्ट्यांत! बायका विचारतात, "काकू, आमच्या मापाचा जोड आहे का?" झाली की वेळशेतची फॅशन!

आता पुरुषमंडळी, खाली काय बघता? घरी जाल, तेव्हा तिला एवढंच विचारा, "तुला काय करायचं राहिलंय गं?" आणि ती सांगेल ना, तेव्हा मध्ये बोलू नका! वाजवा टाळ!