कौल देवाला, कळ जयवंतीला

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. नाम घेऊन झालं, आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. बाळ घरी जन्मावं की दवाखान्यात, हे ठरवायचं कोणी?

बघा! पुढच्या रांगेतल्या काकांनी लगेच घसा खाकरला! सासऱ्याने ठरवायचं, नवऱ्याने ठरवायचं, शेजारच्या वहिनींच्या जाऊबाईंनीसुद्धा ठरवायचं! अहो, यात एक माणूस राहिलं का हो? नाही आठवत? बरं. मग ऐका.

कोकणातलं एक गाव. गावात रवळनाथाचं देऊळ, आणि देवळाचे मानकरी दाजी परब. त्यांच्या मिशीला विचारल्याशिवाय गावात वारा सुटत नाही, असा दरारा! त्यांची सून जयवंती. पहिली लेक अंगणात सागरगोटे खेळायच्या वयाची, आणि आता दुसऱ्यांदा दिवस भरत आलेले.

पहिली खेप दवाखान्यात झाली होती. कशी झाली, विचारा! कळांनी ओरडली म्हणून तिथल्या सिस्टरने तिच्या मांडीवर चापट मारली. वर काहीतरी बोलली. काय बोलली, ते मी या देवासमोर उच्चारणार नाही. इथे बसलेल्या कितीतरी जणींना ते पाठ आहे! हसू नका. ज्या हसल्या नाहीत ना, त्यांच्याकडे बघा.

पण जयवंती खोटं बोलणारी नव्हे. बाळ झाल्यावर रक्त थांबेना, तेव्हा त्याच दवाखान्याने तिला मरणाच्या दारातून ओढून आणलं. घरी असती, तर त्या सागरगोटेवालीला आई नसती! म्हणजे जीव वाचला तो तिथेच, आणि लाज गेली तीही तिथेच. सांगा, या बाईने कुठे जावं?

तिला उत्तर ठाऊक होतं! जुन्या लुगड्याची दुपटी शिवता शिवता तिने सगळं मनाशी ठरवलं होतं. भागीआक्काशी — म्हणजे गावच्या सुईणीशी — बोलूनही झालं होतं. आक्का म्हणाली होती, "गो बाय, मागल्या खेपेक तुजा रगात गेला, ता आयकान माजा काळीज हाल्ला. माज्याकडे हात आसत, रगात नाय. तू दवाखान्यात जा. मी दारात बसान ऱ्हवतंय."

"दारात नको, आक्का. आत. माजो हात धरून."

एवढंच! एका श्वासात सांगून होईल, एवढीशी गोष्ट. पण ऐकतो कोण?

घरात दाजी गरजतायत, "आमच्या घराण्यातली सगळी पोरां माजघरात जल्माक इली! दवाखानो कित्याक?" नवरा नरेश म्हणतोय, "बाबा, लोक काय म्हणतले? माज्या हापिसातल्या सगळ्यांची पोरां मोठ्या दवाखान्यात झाली!" एकाला घराण्याची काळजी, दुसऱ्याला ऑफिसची! आणि बाळंत कोण होणार हो? घराणं? की ऑफिस?

जयवंतीने तोंड उघडून पाहिलं. दाजी म्हणाले, "तू भाकरीकडे बघ." पुन्हा उघडलं, तर नरेश म्हणाला, "तू टेन्शन घेव नको, आमी बघतो ना!" वा! काय माया! एकाने रागाने गप्प केलं, दुसऱ्याने लाडाने. गप्प तर केलंच ना!

बाप-लेकाचं जुळेना, तेव्हा ठरलं काय? देवाला विचारायचं! कौल लावायचा!

तुमच्याकडे ही रीत नसेल, म्हणून सांगते. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. देवाला गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. सगळा गाव जमला. जयवंतीलाही आणलं — पण आत नाही हं! अवघडलेली बाई, ती सभामंडपात खांबाशी बसली. लांबून.

दाजींनी हात जोडले. "बा देवा रवळनाथा! परबांचा घराणा तुज्या पायाशी उभा आसा. घरातला बाळ घरातच येवंदे, असा तुज्या मनात आसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

सगळा गाव गरजला — "व्हय म्हाराजा!"

ही तिथली सवय. गाऱ्हाण्याच्या शेवटी 'म्हाराजा' आलं की तोंडातून 'व्हय म्हाराजा' निघालंच. शिंकेसारखं! थांबवता येत नाही!

झालं. सगळे पाकळ्यांकडे टक लावून. पाकळ्या हलतील तर शपथ! गुरवाने पाणी शिंपडून पुन्हा लावल्या. नरेश कुजबुजला, "डावी सुटता बघा." दाजींनी डोळे वटारले, "खंय सुटता? गप!" आणि देव? देव गप्प! का गप्प, सांगू? त्याला लाज वाटली असेल हो! ज्या पोटात त्याने जीव घातला, ते पोट तिकडे खांबाशी बसलंय, आणि हे शहाणे पाकळीला विचारतायत!

तेवढ्यात जयवंतीच्या कमरेतून कळ निघाली. ओळखीची कळ. तिने ओठ दाबला. आत्ता गप्प राहिले, तर हे माझं मरणसुद्धा पाकळीवर ठरवतील! खांबाला धरून ती उठली. आणि तिने हात जोडले.

"बा देवा रवळनाथा!"

देवळात बाईचं गाऱ्हाणं! सगळ्या माना वळल्या.

"ह्या लेकरू माज्या पोटात आसा. कळो माका येतत. माका दवाखान्यात जाऊचा आसा रे म्हाराजा!"

शिंकच ती! "व्हय म्हाराजा!"

"भागीआक्का माज्यावांगडा आत येतली, माजो हात धरतली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि माज्यार कोणी हात उगारल्यान, तर माजो सासरो आडवो उभो ऱ्हवतलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" — आणि सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? दाजींचा! बोलून गेल्यावर कळलं! हात तोंडावर गेला. पण आता काय उपयोग? मानकऱ्याने देवळात दिलेला होकार गिळता येतो का?

पाकळी पडली का, म्हणता? मला नाही ठाऊक. कोणी बघितलंच नाही! सगळे जीप आणायला पळाले होते!

दवाखान्याच्या दारात सिस्टर आडवी. "आजी बाहेर थांबा! इथे गर्दी नको!" जयवंतीची बोटं आक्काच्या मनगटात रुतली. तोच मागल्या खेपेचा दवाखाना, तोच मागल्या खेपेचा आवाज! आणि दाजी पुढे झाले. "बाये, मी देवळात शब्द दिलंय. ती आत जातली. नायतर मी हय उंबऱ्यारच बसतंय!" डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. दाजींची मिशी बघितली, जयवंतीची बोटं बघितली, म्हणाल्या, "हात धुऊन आत येऊ दे त्यांना."

मंडळी, एवढंच! मागच्या खेपेला एवढंच केलं असतं, तर कोणाचं काय गेलं असतं?

जयवंती ओरडली. पोटभर ओरडली! आक्का केसांवरून हात फिरवत होती, "वरड गो बाय, वरड." रक्त याही खेपेला गेलं. पण मागचं सगळं जयवंतीने आत जातानाच सांगितलेलं, डॉक्टरीणबाई तयारीत होत्या. रक्त थांबलं. आणि बाळ रडलं!

...

थांबले मी. आता तुमच्या ओठांवर काय आलंय, ते मला इथून दिसतंय. त्या मागच्या आजींनी तर विचारलंच — मुलगा की मुलगी?

वा! एवढं सगळं ऐकलंत, आणि जयवंती कशी आहे, हे एकानेही विचारलं नाही? नाही सांगणार! मुलगा की मुलगी, मुळीच नाही सांगणार!

जयवंती बरी आहे. कुशीवर वळून बाळाला पाजतेय. बाळाची मूठ तिच्या बोटाभोवती. दुपट्याला अजून जुन्या लुगड्याचा वास येतोय.

आता घरी जाल. कोणाची सून असेल, कोणाची लेक, कोणाची बायको. तिच्याजवळ बसा. विचारा — तुला कुठे जायचंय? तुझ्याजवळ कोण हवंय? आणि तिचं उत्तर येईपर्यंत तोंड मिटून बसा! जमेल?

चला, गाऱ्हाणं घालते. बा देवा, इथे बसलेले सगळे आज घरी जाऊन आधी तिला विचारतील रे महाराजा!

... हा झाला बायकांचा आवाज. आता फक्त पुरुष मंडळी. पुन्हा घालते.