खो-खोचे दोन खांब

आठवडाभर मला झोप नव्हती. सगळ्या लातूरच्या पोरी क्लासला, आणि आमची सातवीतली सई कॉलनीच्या खो-खो क्लबात. मागं ती पडतेय की मी, तेच कळेना. शेवटी तिचं नाव काढायचा अर्ज घेऊन गेले. क्लब काढणारे रहीमचाचा मला मैदानातल्या खांबापाशी घेऊन गेले.

"भूकंपात आमचं घर पडलं, हा खांब तेवढा राहिला. ह्याच्या आडोशानं मी वाचलो. तो दुसरा शेजाऱ्यांचा. तिथं कुणी न्हाई राहिलं. नंतर पोरं छताखाली बसंनात, मग हे खांब रोवून खेळायला लावली. असा क्लब झाला बघा, ताई."

अर्ज पर्समध्येच राहिला.

खेळ सोडून पळत आलेली सई म्हणाली, "आई, खांबाला हात लावल्याबिगर इथं कशाची सुरुवात होत न्हाई. आधी हात लाव, मग क्लासचं बोल."