तेवीस खुर्च्यांची सभा

सलूनवाला : ...म्हणून हे मित्रवर्या, या पाण्याच्या टबापाशी उभा राहून मी तुला नम्र आवाहन करतो की—

सायकलवाला : टबापासून जरा सरक. ट्यूब बुडवलीय, बुडबुडे दिसू देत.

सलूनवाला : आवाहनाची एकंदर चार पाने आहेत. हे पहिलेच.

ताई : ठेव ती खिशात. भाऊ, माझ्या या धाकट्या भावाचं मनावर घेऊ नका. सातवीत शाळा सुटली, भाषण सुटलं नाही.

सायकलवाला : ताई, मला सांगता? लेकीच्या लग्नादिवशी याच्याकडे दाढीला बसलो. हा 'आदर्श पिता' या विषयावर सुरू झाला आणि अर्धी मिशी गेली. नऊ वर्षं मी केस कापायला पुलापलीकडे जातोय.

सलूनवाला : त्या प्रमादाची मी तत्क्षणी क्षमा मागितली होती.

सायकलवाला : आणि उरलेली अर्धीही काढली होतीस.

ताई : जुनं उगाळू नका. याच्या सोमवारच्या व्यसनमुक्ती सभेला का नाही आलात?

सायकलवाला : सोमवारी? त्या दिवशी मला मान वर करायला फुरसत नसते. सभा सोमवारी ठेवली कोणी?

सलूनवाला : सोमवारी सर्वांना सुट्टी असते.

ताई : सर्वांना नव्हे, सलूनला.

सलूनवाला : तेवीस खुर्च्या मांडल्यावर हे माझ्या ध्यानी आले.

ताई : एकटे औषधवाले आले, तेही विसरलेली छत्री न्यायला. पण बसले. चिठ्ठीशिवाय खोकल्याचं औषध कुणा पोराला देणार नाही म्हणाले. व्यायामशाळेच्या वस्तादांकडे आम्ही जाऊन आलो. ते संध्याकाळी पोरांसाठी हॉल उघडा ठेवतायत. आता राहिलात तुम्ही.

सायकलवाला : मी काय करणार? मी हवा भरणारा माणूस.

सलूनवाला : आणि पंक्चरच्या सोल्युशनच्या ट्यूबा विकणारा.

सायकलवाला : विकतो की. दोन महिन्यांत खप तिप्पट झालाय. म्हटलं, पोरं कष्टाळू झाली, घरीच पंक्चर काढतायत.

ताई : पोरं ते हुंगतात, भाऊ. नशेसाठी.

सायकलवाला : कोण म्हणतं?

सलूनवाला : माझ्या खुर्चीत बसणाऱ्याचे नेत्र माझ्यापासून वीतभर अंतरावर असतात. ते आरक्त असतात, आणि श्वासाला तुझ्या दुकानाचा दर्प असतो.

सायकलवाला : नावं सांग.

सलूनवाला : खुर्चीत कळलेले नाव मी खुर्चीतच ठेवतो.

ताई : एक नाव मी सांगते. माझा धाकटा मुलगा.

सायकलवाला : तो? काहीतरीच. परवा आला होता. मला काका म्हणाला, मागचं चाक बसलंय म्हणाला. दोन ट्यूबा नेल्या. एक तर मी तशीच दिली, गुणी पोरगा म्हणून.

ताई : भाऊ, आमच्या घरात सायकल नाही.

(येथे सायकलवाल्याने हातातील ट्यूब टबात सोडली व ओले हात पुसण्याचे त्यास भान राहिले नाही.)

सायकलवाला : ताई, आईशप्पथ, मला ठाऊक नव्हतं.

ताई : माहीत आहे. भांडायला नाही आले मी. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं, घाबरू नका, पण पोराला एकटं पाडू नका. आता घरी तो माझ्याशी बोलत नाही, आणि मामा समोर आला की भाषणाच्या भीतीने अंघोळीला जातो. दिवसातून तीनदा.

सायकलवाला : स्वच्छ तरी होईल. ऐक रे, मित्रवर्या. आजपासून ट्यूब विकणं बंद. सायकल घेऊन या, सोल्युशन मी माझ्या हाताने लावीन. सायकल नाही, तर सोल्युशन नाही.

सलूनवाला : हा ठराव सुवर्णाक्षरांनी—

सायकलवाला : थांब. तुझ्या खिशात काय आहे?

सलूनवाला : आवाहन.

सायकलवाला : दुसऱ्या खिशात.

सलूनवाला : ती... ती किंचित तंबाखू. पचनास साहाय्यक.

ताई : मी वीस वर्षं हेच ऐकतेय.

सायकलवाला : सभेच्या अध्यक्षांच्या गालात तंबाखूचा बार आणि पोरांना उपदेश? काढ. अरे, माझ्या टबात नको, पाणी गढूळ होईल. तिकडे, कचऱ्याच्या डब्यात.

सलूनवाला : टाकली. तिच्यासोबत माझ्या आयुष्याची तेहेतीस वर्षे गेली.

ताई : चुना राहिला.

सलूनवाला : तोही गेला. आता पुढील सभेचा वार. रविवार मात्र अशक्य, त्या दिवशी सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

ताई : मग रविवारीच घे, सलूनमध्येच. सगळी गल्ली तिथे बसलेली असते. खुर्च्याही मांडायला नकोत.

सायकलवाला : येतो मी. केसही वाढलेत. पण कात्री चालू असताना तोंड बंद, हा पहिला ठराव.

सलूनवाला : सखेद मान्य.

सायकलवाला : आणि ताई, ती भिंतीला टेकवलेली लाल सायकल बघा. माझ्या लेकीची. ती सासरी गेल्यापासून तशीच उभी आहे. घेऊन जा.

ताई : अहो, कशाला? आणि हिच्यात तर हवाच नाही.

सायकलवाला : असू दे, ढकलत न्या. त्याला म्हणावं, काकांनी बोलावलंय. मागचं चाक बसलंय.