दसऱ्याला पुजलेला बेल्ट

हॅलो?… हो ताई, बोल… हो, हो, तूच सांगितलं होतंस. गौतमची फी भरायच्या आधी विचार, म्हणाली होतीस, सोलर शिकवतात ते गच्चीवर नेऊन की नुसतं खुर्चीत बसवून. आणि मी काय म्हणाले? अगं, संस्था आपल्या मुकुंदरावांची, मराठी मंडळातले ते, त्यांना काय विचारायचं… आठवतंय. रोज आठवतं.

एक मिनिट हं… पिल्लू, बाबांच्या पायावर नाही चढायचं, त्यात रॉड आहे ना… इकडे ये, माझ्याजवळ बस.

हं, बोल… काल कार्यक्रमाला तुला का नाही बोलावलं? अगं, बोलावलं असतं तर तू मला स्टेजवर चढू दिलं असतंस का? आधी हात धरला असतास माझा.

ऐक तर. पहिल्यापासून सांगते.

दवाखान्यात मुकुंदराव शहाळी घेऊन आले होते, आठवतं? तू तेव्हा खाली औषधं आणायला गेली होतीस. गौतमच्या उशाशी उभं राहून मला म्हणतात, "सहा आठवडे घसा कोरडा करून शिकवलं, पोरी, पण ह्याचं लक्षच नव्हतं."… हो ना, ऐकू गेलं त्याला. भिंतीकडे तोंड करून पडला नुसता.

लक्ष नव्हतं म्हणे. कुकटपल्लीच्या त्या शेडवर पॅनल बसवायला चढला तेव्हा सेफ्टी बेल्ट होता गं अंगावर. कामावरचाच, कंपनीने दिलेला. पण त्याचा दोर अडकवला कशाला, तर पाण्याच्या प्लास्टिकच्या पाइपाला. पाय सरकला आणि पाइपासकट खाली आला. कुठे अडकवायचा ते कुणी दाखवलंच नव्हतं त्याला. कोर्सभर पडद्यावर चित्रं बघितली. बेल्ट अंगावर चढवला तो एकदाच, सर्टिफिकेटच्या फोटोपुरता.

… मला तरी कुठे माहीत होतं? शैलाने सांगितलं. शैला गं, आत्ताच्या बॅचमधली. तिचं बाळ आमच्या पिल्लूएवढंच आहे, म्हणून ओळख झाली. गौतमला भेटायला आली आणि मोबाइलवर स्वतःचा फोटो दाखवला, हेल्मेट, बेल्ट, सगळं लावून. कोर्स अर्धा झाला नाही, फोटो आधीच काढून ठेवलाय. मी बघतच राहिले. छातीवरच्या पट्टीवर कुंकवाचा डाग, बोटभर. गौतमच्या फोटोतही तिथेच. तसाच.

… अगं, दसऱ्याला आपण अवजारं पुजतो ना, तशी मुकुंदरावांनी त्या बेल्टची पूजा केलेली. हळदकुंकू, झेंडू, उदबत्ती. अख्ख्या संस्थेत तो एक बेल्ट. एकाने काढायचा, दुसऱ्याने घालायचा, फोटो, चला पुढचा.

नाही, भांडले नाही. भांडून काय झालं असतं, ताई? नवरा पडला म्हणून हिचं डोकं फिरलंय, एवढंच म्हणाले असते लोक. मी गोड झाले. फोन करून म्हटलं, काका, मंडळात तुमचा सत्कार आहे, तर आपल्या मुलामुलींचे फोटो पडद्यावर दाखवू या का. इतके खूश झाले, सगळे फोटो स्वतःच पाठवले. वर 'शाब्बास पोरी' असा मेसेज.

काल सुलतान बाजारचा हॉल गच्च भरलेला. शाल झाली, नारळ झाला, मग मी फोटो लावले. एकेक, सावकाश. चेहरा बदलायचा, डाग तोच. आधी प्रत्येकाला टाळ्या पडल्या. मग विरळ झाल्या, मग बंदच… हो, दिसणारच ना, एवढा मोठा पडदा. शेवटचा फोटो शैलाचा. पिशवीतून गौतमचा बेल्ट काढला आणि पुढे धरला. काका, म्हटलं, एकदा घालून दाखवा ना, नव्या मुलांना कळेल.

… घातला कुठला. मांड्यांचे पट्टे खांद्यावर घेतले, खांद्याचे पोटाशी आवळले, आणि शालीवरून तो गुंता घेऊन हौल्यासारखे, अगदी बावळट उभे. मागे कुणीतरी हसलं. मग सगळा हॉल… हो, मीही हसले. खोटं कशाला बोलू? गौतम पडल्यापासून काल पहिल्यांदा पोटभर जेवले. त्याला व्हिडिओ दाखवला, तर म्हणाला, परत लाव.

… पुरे? का पुरे? अजून कुठे काय केलंय मी. त्या संस्थेच्या दाराला कुलूप बघितल्याशिवाय मी काही…

काय?… कोण गच्चीवर?… तुमच्या समोरच्या बिल्डिंगवर? नल्लकुंट्यात? मुकुंदराव?

चढू दे की. बघ, एका रात्रीत गच्ची सापडली त्याला… हो, त्याला. आता कसले 'त्यांना'. पॅनल पण आणलंय? आणि फोटोवाला? म्हणजे संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर येणार, बघा आम्ही कसं शिकवतो ते. येऊ दे. तू खिडकीतून हलू नको, मला सगळं सांग.

किती जण आहेत?… बरं. आणि बेल्ट?… बघ ना नीट, केशरी पट्टे दिसतील अंगावर.

एकच?

कुणाच्या अंगावर?… नाही, परत बघ… मुकुंदरावांच्या स्वतःच्या?

… हो. काल मीच म्हणाले ना. घालून दाखवा.

आणि वर कोण आहे?… जिन्याच्या खोलीवर, पत्र्यावर, हो, तिथे कोण चढलंय?… बाई?… हिरवा ड्रेस, लांब वेणी…

ताई, ती शैला आहे. मी पडद्यावर शेवटी ठेवली तिला, त्याने पहिली वर चढवली.

चौथा मजला ना तो?…

ऐक. खिडकीतून ओरडू नको, दचकेल ती. चप्पल राहू दे, लिफ्टची वाट बघू नको. वर गेलीस की मागून हाक मारू नको. समोर जाऊन उभी राहा, हळू आवाजात सांग, आधी खाली बस, मग बसल्या बसल्या सरकत ये… नाही, मुकुंदरावांशी एक शब्द बोलू नको. ते सगळं राहू दे आता… मी ऑटोने निघतेच. पिल्लू गौतमजवळ राहील… तू जा गं. फोन तेवढा चालू ठेव, हातातच ठेव.

… जिन्यात आहेस का?… हो, हो, बोलू नको, दम लागेल…

ताई?… पोचलीस?… हॅलो?… अगं, एवढंच सांग, शैला दिसते का वर?