ब्रेकला वारा

"सकाळपासून एका पाइपचं कीर्तन चाललंय. चहासुद्धा झाला नाही!"

गॅरेजच्या बाकावर बसलेल्या सविताने मान वळवली. शेजारी बसलेल्या सिंधुबाई नवऱ्यावर करवादत होत्या. त्यांची सून हर्षाली गाडीच्या चाकाशी उकिडवी बसून सासऱ्यांना पाइप दाखवत होती.

"बंपरमधून वारा या पाइपनं थेट ब्रेकच्या डिस्कवर येतोय, बाबा. उद्या रेसच्या ट्रॅकवर ब्रेक फार तापणार नाहीत."

"स्टिअरिंग पूर्ण वळवून बघ. पाइप चाकाला घासेल."

"बघितलं की मघाशी!"

"मग ब्रेक ऑइल बदलू. पुढच्या महिन्यात जा."

"मागच्या महिन्यातही हेच म्हणालात."

"अगं, ओझरच्या विमान कारखान्यात आम्ही विमानसुद्धा असं घाईनं सोडत नव्हतो."

सविताची स्कूटर तयार झाली होती, तरी ती उठली नाही.

"अहो, पोरीला पाठवायची भीती वाटते म्हणा की सरळ! ती जाणारच आहे, निदान कळू तरी द्या तिला."